‘एक जिंकून झोपतो’ याचे गणित

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सेमिस्टरचे निकाल लागले की विद्यार्थ्यांच्या गेमिंगवर चर्चा सुरू होते आणि उपायही ठरलेला असतो. मोबाइल काढून घ्या, वसतिगृहाचे वायफाय रात्री बंद करा. बारा वर्षांच्या मुलापुरता हा उपाय ठीक आहे. विद्यापीठात शिकणारा १९-२० वर्षांचा असतो. ज्या लॅपटॉपवर तो खेळतो त्याच लॅपटॉपवर त्याचे सबमिशन असते, बँक खाते त्याच्या नावावर असते आणि कायद्याच्या लेखी तो सज्ञान असतो. चीनने २०२१ मध्ये ऑनलाइन गेमवर जी कडक वेळमर्यादा घातली (शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुटीच्या दिवशी रात्री ८ ते ९, बस्स), ती १८ वर्षांखालच्यांना. दक्षिण कोरियात २०११ पासून मध्यरात्र ते सकाळी ६ या वेळात गेम बंद ठेवण्याचा कायदा होता, तो १६ वर्षांखालच्यांसाठी, आणि २०२२ उजाडता उजाडता तोही रद्द झाला. कायद्याचा हात जिथे संपतो तिथून विद्यापीठ सुरू होते. तेव्हा थांबण्याची कळ त्या विद्यार्थ्याच्याच हातात द्यावी लागते, आणि ती द्यायची तर तो नेमका कुठे अडकतो हे आधी कळायला हवे.

बहुतेक जण रात्री स्वतःला एक नियम घालून घेतात : ‘एक जिंकली की झोपतो.’ ऐकायला समंजस नियम आहे. पाणी मुरते ते इथेच. स्पर्धेच्या गेममध्ये प्रत्येकाला रँक असतो आणि सॉफ्टवेअर साधारण बरोबरीचे प्रतिस्पर्धी शोधून समोर उभे करते. बुद्धिबळातल्या एलो गुणांकनाचे (जिंकण्या-हरण्यानुसार वर-खाली होणारे गुण) जे तत्त्व, तेच इथले. चांगले खेळलात की वरच्या दर्जाचे लोक समोर येतात, हरत गेलात की खालचे. थोड्याच दिवसांत जिंकण्या-हरण्याचे प्रमाण आपोआप निम्म्याच्या आसपास येऊन बसते. म्हणजे प्रत्येक मॅच जवळपास नाणेफेक. आता छापा पडेपर्यंत नाणे उडवत राहायचे असे ठरवले तर सरासरी दोनदा उडवावे लागते. पण आठातल्या एका रात्री पहिल्या तिन्ही वेळा काटाच पडतो. मॅचची ३५ मिनिटे आणि लॉबीत, म्हणजे खेळाडू जमेपर्यंत, थांबण्याची ५ धरली, तर त्या रात्रीचे दोन तास गेले आणि चौथी मॅच अजून व्हायचीच आहे. ‘लागोपाठ दोन जिंकून उठतो’ म्हणणाऱ्याला तर सरासरी सहा मॅच लागतात. चार तास! साडेदहाला बसलेला अडीचला उठतो, आणि ही सरासरी झाली, वाईट रात्र नव्हे. शंभर जण उतरतात आणि शेवटपर्यंत टिकेल तोच जिंकतो त्या बॅटल रोयालमध्ये ‘एक जिंकून’ या नियमाला काही अर्थच उरत नाही.

हे गणित विद्यार्थ्याला स्वतः कागदावर मांडायला लावावे. संभाव्यता शिकलेल्याला दहा मिनिटांच्या वर लागत नाहीत. ‘तुझा स्वतःवर ताबा नाही’ म्हटले की तो दार लावून घेतो. ‘तुझा नियम चुकीचा आहे’ म्हटले की वाद घालतो, आणि वाद घालता घालता हिशेब करून बघतो.

नियम निकालाला न बांधता घड्याळाला बांधायचा, आणि तोही मॅचच्या शेवटाला नव्हे, सुरुवातीला. समजा १२.३० ला झोपायचे आहे. मॅचनंतर डोके शांत व्हायला अर्धा तास लागतो. चुरशीची मॅच हरून लगेच गादीवर पडले तरी झोप येत नाही, तीच मॅच पुन्हा डोक्यात चालू होते. म्हणजे १२ ला स्क्रीन बंद. आपल्या गेममधली लांबलेली मॅच किती मिनिटांची असते ते पाहायचे (सरासरी नको, लांबलेलीच धरायची). ती ४५ मिनिटांची असेल तर ११.१५. खेळाडू जमेपर्यंतची, पात्र निवडण्याची दहा मिनिटे. आले ११.०५. या वेळेनंतर ‘मॅच शोधा’चे बटण दाबायचे नाही. आधीची जिंकली असो वा हरली असो, १०.५० ला संपली असेल तर आणखी एक होते, ११.०६ ला संपली तर होत नाही. हा आकडा प्रत्येकाने आपल्या गेमवरून काढून लॅपटॉपच्या कडेला चिकटवावा. मोबाइलमध्ये ११ चा गजर लावावा, मात्र खेळत असताना ऐकू येईल असा. हेडफोन कानात असताना टेबलावर थरथरणारा फोन काही कामाचा नाही.

सुरुवातीलाच अडवायचे, कारण मध्येच उठणे खरोखर महाग पडते. पालक खोलीत येतात, मॅचचे तिसावे मिनिट चालू असते, आणि हुकूम सुटतो, ‘आत्ताच्या आत्ता बंद कर.’ त्याने बंद केले तर संघातल्या उरलेल्या चौघांची मॅच बुडते, त्याचे गुण कापले जातात आणि कित्येक गेममध्ये पुढच्या मॅचला काही काळ बंदीही बसते. त्या क्षणी मुलगा उद्धट बोलतो ते याच्यामुळे. बोललेले बरोबर ठरत नाही, पण पुढच्या वेळी तो आतून कडी लावतो आणि लपवण्याची सवय लागते ती इथून. पालकांनी एवढे केले तरी पुष्कळ : ‘ही संपली की उठ, पुढची लावू नकोस.’

मॅचबाहेरही गेम सोडत नाही. रोज लॉगइन केल्याचे बक्षीस, एक दिवस चुकला की तुटणारी साखळी, ठरलेल्या वेळी नव्याने येणारी डेली क्वेस्ट (त्या दिवशी पुरी करायची कामगिरी), आठवडे मोजून संपणारा सीझन, आणि आधीच पैसे भरून घेतलेला बॅटल पास (सीझनभर खेळून टप्प्याटप्प्याने बक्षिसे मिळवण्याची सोय), जो पूर्ण केला नाही तर ‘पैसे वाया गेले’ असे वाटायला लावतो. बक्षीस दर वेळी न मिळता अधूनमधून, अंदाज न येईल अशा अंतराने मिळाले की ती कृती सर्वांत चिवट होते, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगशाळेत कबुतरांवर दिसून आले त्याला सहा दशके उलटून गेली. लूट बॉक्स, म्हणजे उघडेपर्यंत आत काय आहे ते न कळणारी गेममधली पेटी, हे त्याचेच रूप. बेल्जियमने २०१८ मध्ये पैसे घेऊन दिले जाणारे लूट बॉक्स जुगारात धरले. चीनने २०१७ पासून कंपन्यांना त्यातल्या वस्तू मिळण्याची शक्यता जाहीर करायला लावली. पण शक्यता जाहीर झाल्याने ती समजते असे नाही. ‘१ टक्का’ लिहिलेले असले की मुले धरून चालतात, शंभर पेट्या उघडल्या की एक नक्की. प्रत्यक्षात शंभर पेट्या उघडूनही हाती काहीच न लागण्याची शक्यता ३६ टक्क्यांहून थोडी जास्तच असते.

त्यात गेमचे स्वतःचे नाणे असते. स्किन (पात्राचा वेश) ९५० नाण्यांची आणि नाणी मिळतात ५०० किंवा १०००च्या गठ्ठ्यात; मग पन्नास उरतात आणि पुढची खरेदी त्या पन्नासांना ‘वापरात आणण्यासाठी’ होते. यावरचा उपाय साधा आहे. गेमच्या खात्यात साठवलेले कार्ड काढून टाकायचे आणि दर वेळी आकडे हाताने भरायचे. कार्ड आणायला उठावे लागले की बऱ्याच खरेद्या तिथेच बारगळतात.

आता विद्यापीठच का, हा प्रश्न. शाळेत दुसऱ्या दिवशी गृहपाठ तपासला जायचा. इथे पहिल्या महिन्यात दहा लेक्चर बुडाली तरी आकाश कोसळत नाही. किंमत कळते ती चार महिन्यांनी, आणि तीही एकदम. गेममध्ये मात्र प्रत्येक कृतीचे उत्तर सेकंदात मिळते, प्रगतीची पट्टी डोळ्यांसमोर सरकत राहते. नव्या शहरात, नव्या खोलीत ओळखीचे कोणी नसताना जुना स्क्वॉड (एकत्र खेळणारी टोळी) रात्री दहाला वाट पाहत असतो. शिवाय या वयात शरीराचे घड्याळच पुढे सरकलेले असते. विशीच्या आसपास माणूस आयुष्यात सर्वांत उशिरा झोपणारा असतो आणि नेमकी तेव्हाच पहिली तासिका सकाळची असते. या सगळ्याला आळशीपणा म्हणून मोकळे व्हायचे असेल तर व्हावे. त्याने उपाय सापडत नाही.

व्यसन कशाला म्हणायचे यातही मोठा घोळ आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत (मे २०१९ मध्ये मंजूर, १ जानेवारी २०२२ पासून लागू) गेमिंगच्या विकाराची नोंद आहे, आणि त्यात तासांचा आकडा कुठेच नाही. पाहायच्या त्या तीन गोष्टी : खेळावर ताबा राहत नाही, इतर सगळ्यांपुढे खेळच येतो, आणि नुकसान दिसत असूनही तो चालू राहतो किंवा वाढतो. हे सर्वसाधारणपणे बारा महिने दिसायला हवे आणि शिक्षण, नाती, दिनक्रम यांची ठळक हानी झालेली असायला हवी. लक्षणे तीव्र असतील तर वर्षभर थांबत नाहीत. त्यामुळे आठवड्याला २५ तास खेळून, झोपून, हजेरी राखून पास होणारा मुलगा या व्याख्येत बसत नाही. १२ तासच, पण सगळे पहाटे १ ते ४ मध्ये आणि प्रॅक्टिकलच्या आदल्या रात्री खेळणाऱ्याकडे मात्र लक्ष द्यायला हवे. अमेरिकी मानसोपचार संघटनेने २०१३ मध्ये ‘पुढील अभ्यासासाठी’ म्हणून नऊ लक्षणे दिली, वर्षभरात पाच किंवा अधिक असतील तर दखल घ्यावी असे म्हटले. त्यांतली दोन घरच्यांच्या नजरेतून हमखास सुटतात. एक, खेळल्याच्या वेळेबद्दल खोटे बोलणे. दुसरे, मन खराब असले की खेळायला बसणे. दुसऱ्याबाबत आणखी विचारून घ्यावे : आता खेळताना मजा येते का? ‘नाही, पण न खेळता काय करू’ हे उत्तर ‘खूप मजा येते’ यापेक्षा जास्त काळजीचे.

लोक जे उपाय करतात त्यांचे घोडे कुठे पेंड खाते तेही सांगितले पाहिजे. वसतिगृहाचे वायफाय ११ ला बंद केले की मोबाइल डेटावर खेळणे सुरू होते. हॉटस्पॉट एकाचा, खेळणारे चार, आणि ज्याला खरोखर असाइनमेंट अपलोड करायची होती तो लटकतो. फोनमधल्या ॲप टायमरची गंमत आणखी वेगळी. दिवसाला दोन तासांची मर्यादा घातली तर ती मध्यरात्री पुन्हा शून्यापासून मोजायला लागते. म्हणजे ज्या वेळी अडवायला हवे, नेमके त्याच वेळी नवे दोन तास हातात. शिवाय ‘आजच्यापुरते दुर्लक्ष करा’ हे बटण असतेच. मोजून देणाऱ्या मर्यादेऐवजी ठरावीक वेळेत बंद ठेवणारी सोय वापरावी, जसे आयफोनमधले डाउनटाइम, रात्री ११.३० ते सकाळी ७ असे. तिचा पासकोड खोलीतल्या मित्राने टाकावा आणि स्वतःजवळच ठेवावा. लॅपटॉपवर फोनमधल्या या सोयी सहसा कामाला येत नाहीत. तिथे लॉगआउट करणे, पासवर्ड साठवून न ठेवणे आणि गेम काढून टाकणे हेच खरे अडथळे. मोठा गेम ८०-१०० जीबीचा असतो, पुन्हा उतरवायला तासन्‌तास लागतात. हुक्की सहसा तेवढी टिकत नाही.

सुधारणेची पहिली पायरी गेम कमी करण्याची नसते. पहिले सात दिवस फक्त लिहायचे. वहीच्या पानावर चार रकाने : बसलो किती वाजता, उठायचे ठरवले होते किती वाजता, उठलो किती वाजता, आणि बसण्याआधी काय चालले होते. भरायचे उठल्यावर लगेच, सकाळी आठवून नव्हे. तिसऱ्या आणि दुसऱ्या रकान्यातला फरक हा मोजायचा आकडा. एकूण तास पडताळायला फोनमधला वापराचा तक्ता आणि संगणकावर स्टीमसारख्या गेम विकणाऱ्या ठिकाणी दिसणारे गेल्या दोन आठवड्यांचे तास पाहावेत. फक्त लक्षात ठेवावे की गेम उघडा ठेवून जेवायला गेलात तरी तिथे तास मोजला जातो. चौथा रकाना सगळ्यांत उपयोगाचा. आठवड्याअखेरीस त्यात बहुधा दोनच-तीन गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात : ‘असाइनमेंट उघडली, कळेना’, ‘घरून फोन आला’, ‘खोलीत कुणी नव्हते’. पहिलीवरचा उपाय शिकवणी किंवा सोबत बसणारा वर्गमित्र आहे. गेम काढून टाकल्याने असाइनमेंट कळत नाही.

दुसऱ्या आठवड्यात उठण्याची वेळ पक्की करायची. झोपण्याची नव्हे. ‘आजपासून ११ ला झोपणार’ हे पहिल्याच रात्री मोडते, कारण तीनला झोपणाऱ्याला अकराला झोप येतच नाही, तो पडल्या पडल्या फोन उचलतो. उलट सकाळी ७.३० ला उठायचे, रविवारीसुद्धा, आणि उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत बाहेर उजेडात जायचे. दुपारी झोप फार आली तर २० मिनिटे, तीही तीनच्या आत. पहिले तीन-चार दिवस हाल होतात, मग झोप आपणहून अलीकडे येऊ लागते. कॉफी दुपारनंतर बंद. कॅफीन निम्मे व्हायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे रात्री ९ च्या कपातले निम्मे पहाटे दोनलाही अंगात असते.

त्यानंतर ११.०५ सारखी आपली वेळ लागू करायची आणि ती स्क्वॉडला आधीच सांगून ठेवायची. ‘अकरानंतर मला धरू नका’ असा एक मेसेज पुरतो. क्लॅनमध्ये (खेळाडूंच्या कायमच्या गटात) प्रमुखपद असेल तर ते दुसऱ्याकडे द्यावे. इतरांची वेळापत्रके सांभाळणाऱ्याला स्वतःचे सांभाळता येत नाही. मोकळ्या झालेल्या वेळात काय ठेवायचे हे आधी ठरवावे, नाहीतर चौथ्या दिवशी गाडी पुन्हा रुळावरून घसरते. ‘वाचन कर’ हा सल्ला इथे चालत नाही. गेममध्ये माणसे होती, ठरलेली वेळ होती आणि लगेच दिसणारे फळ होते. पर्यायातही यांतल्या दोन गोष्टी तरी हव्यात. बॅडमिंटन, नाटकाची तालीम, दोघांनी मिळून करायचा प्रकल्प, अर्धवेळ काम, काहीही चालेल, पण कुणीतरी वाट पाहत असले पाहिजे. पहिले एक-दोन आठवडे चिडचिड, अस्वस्थता आणि सपाट कंटाळा येतो. हे आधी सांगून ठेवलेले बरे.

एवढे करूनही महिनाभरात दुसऱ्या-तिसऱ्या रकान्यातला फरक हलला नाही, तर समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. आत्महत्येचे विचार बोलून दाखवले तर महिन्याची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी जायचे आणि एकटे सोडायचे नाही. अति गेमिंगच्या आड नैराश्य, लोकांत मिसळण्याची भीती किंवा लहानपणापासून न ओळखली गेलेली एडीएचडी (लक्ष टिकवता न येण्याचा विकार) असणे नवलाचे नाही, आणि तसे असेल तर केवळ गेम बंद करणे म्हणजे आजार म्हशीला आणि औषध पखालीला. गेमिंगच्या विकारावर म्हणून मान्यता मिळालेले खास औषध नाही. औषधे दिली जातात ती सोबतच्या आजारासाठी. सर्वाधिक अभ्यास झालेला उपचार म्हणजे विचार आणि वर्तन यांवर काम करणारी सीबीटी, आणि वर सांगितलेली वही, अडथळे आणि पर्याय ही तिचीच अवजारे आहेत. फरक एवढाच, की बाजूला शिकलेला माणूस बसलेला असतो.

महाविद्यालयांना दोनच गोष्टी सुचवतो. हजेरीची यादी सेमिस्टरच्या शेवटी परीक्षेला बसू न देण्यासाठी काढली जाते, म्हणजे वरातीमागून घोडे. तीच तिसऱ्या आठवड्यात काढा, सकाळच्याच तासिका ज्यांच्या सलग बुडाल्यात ती नावे वेगळी करा आणि दंडाची नोटीस न लावता बोलावून घ्या. दुसरे, समुपदेशकाची वेळ सकाळी १० ते ५ ठेवली तर ज्याला त्याची गरज आहे तो नेमका तेव्हा एकतर झोपलेला असतो किंवा वर्गात. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी ६ ते ९ दार उघडे ठेवा.

एक उरले. परीक्षा संपली की सुटीत गेम पुन्हा टाकला जातोच, आणि एखादी रात्र पहाटे चारपर्यंत जाते. त्या दिवशीही ७.३० ला उठायचे, वहीत ओळ भरायची, आणि दुसऱ्या रात्रीची वेळ तीच ठेवायची. भरपाई म्हणून ‘आता महिनाभर हात लावणार नाही’ अशी शपथ घेऊ नये. ती मोडली की वहीही बंद पडते. आणि गेम टाकायचाच तर सकाळी टाकावा. ९० जीबीचे डाउनलोड रात्री अकराला सुरू केले, की ते पूर्ण झाले का हे बघायला माणूस जागाच राहतो.

आपले,
विद्यार्थी समुपदेशनाचे काम करणारे काही जण